पेठेतला खून

मी मराठी सातवीत असताना आमच्या पेठेत एक खून झाला. निदान आमच्या आळीचं तसं म्हणणं होतं, आणि आळीचं म्हणणं म्हणजे त्या काळी वर्तमानपत्राच्या वरताण. वर्तमानपत्र मुंबईहून आगबोटीने यायचं, तेही शिळं. आळीची बातमी ताजी असायची, विहिरीवरच्या रहाटाच्या कुरकुरीबरोबर एका परसातून दुसऱ्या परसात पोचायची आणि प्रत्येक परसात तिला थोडं तिखटमीठ लागायचं. रत्नागिरीत तेव्हा सर्व्हिस मोटारी नुकत्या सुरू झाल्या होत्या. त्यांच्या भोंग्याने पेठेतले बैल बुजत आणि म्हातारे रागावत, एवढीच काय ती गावातली धामधूम. पण आमच्या आळीला विचाराल तर पेठ म्हणजे साक्षात चोरांचा आणि मारेकऱ्यांचा बाजार.

आळीतून पेठेत जायला दोन वाटा होत्या. एक जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी, सरळ खाली उतरणारी. दुसरी परसांच्या दगडी गडग्यांमागून लांबचा वळसा घेऊन देवळापाशी निघणारी. बायका या मागच्या वाटेने जात, कारण तिने पेठ लागत नसे. मुलींची शाळा मात्र पेठेच्या पलीकडच्या टोकाला होती आणि तिथे पोचायला दुसरा रस्ताच नव्हता. आळीतल्या बहुतेक मुली चौथी झाली की घरी बसत. सातवीपर्यंत टिकलेल्या आम्ही दोघीच, मी आणि शेजारची यमू. त्यामुळे रोज पेठेतून जाणाऱ्या आळीतल्या बायकामाणसांत आम्हीच काय त्या दोघी, आणि आम्हाला त्याचा थोडा तोराही होता.

पेठेतून कसं जायचं याचे नियम आम्हाला पाठ होते. वेणी पुढे घ्यायची. हातातलं दप्तर छातीशी धरायचं. बंदरावरच्या खलाशांकडे बघायचं नाही, घाटावरून आलेल्या गाडीवानांकडे तर मुळीच नाही. कुणी काही विचारलं तर ‘माहीत नाही’ म्हणायचं आणि चालू पडायचं. मला आठवते ती पेठ मात्र फार पेंगुळलेली होती. वाणी गूळ-खोबऱ्याच्या वासात डुलक्या घेत बसलेला असायचा. कासार भांड्यावर ठोके घालायचा, ते ठोके दुपारच्या शांततेत आमच्या माजघरापर्यंत ऐकू यायचे. खलाशी आमच्याकडे बघतच नसत, ते आपल्या सुकटीचा भाव करण्यात गुंतलेले. सात वर्षांत पेठेने आमचं एवढंच वाईट केलं, की एकदा एका गाईने यमूची वही चावली.

आमच्या घरात तेव्हा चार माणसं होती. आई, मी, माझे नानाकाका आणि काकू. वडील मुंबईला गिरणीच्या कचेरीत होते, शिमग्याला आणि गणपतीला तेवढे यायचे. नानाकाका कोर्टात नकलनवीस होते. म्हणजे खटल्यांच्या कागदांच्या नकला सुंदर अक्षरात उतरवून काढायचं त्यांचं काम. दिवसभर जे उतरवलं ते रात्री जेवताना त्यांच्या तोंडून बाहेर पडायचं. मुगाच्या खिचडीवर मेतकूट भुरभुरता भुरभुरता ते सांगायचे, अमक्या गावी एकाने गडगा हातभर सरकवलान म्हणून सख्ख्या भावाने त्याच्या डोक्यात कोयती घातलीन. तमक्या गावी फणसाच्या एका झाडापायी चुलत्याने पुतण्याचं घर पेटवलंन. एका सुनेला जेवणातून काय घातलं होतं तेही एकदा त्यांनी सांगितलं आणि काकूने त्यांना गप्प केलं. मी ऐकत असे आणि पोळी खात असे. आज मागे वळून बघताना हसू येतं ते याचं, की नानाकाकांच्या साऱ्या गोष्टींत कोयती नेहमी घरातलीच असायची आणि ती चालवणारा हात नात्यातला. पेठेतलं म्हणून एकच प्रकरण त्यांनी आम्हाला कधी सांगितलं, ते छत्री चोरल्याचं. तरीही हात धुऊन उठताना ते मला बजावायचे, ‘मनू, पेठेतून जपून जात जा हो.’

तर तो दिवस. होळीला अजून महिनाभर अवकाश होता, कारण ओले काजू नुकते यायला लागले होते. काकू मागल्या पडवीत विळीवर काजूच्या बिया फोडत बसली होती, आई माझी वेणी घालत होती. एवढ्यात भागी आली. भागी म्हणजे शिरगावाकडची कुळवाडीण. दर एक दिवसाआड सरपणाचा भारा घेऊन पहाटे निघायची, आधी पेठेत आणि उरलं तर आमच्या आळीत. भारा टाकला की काकू तिला ताक द्यायची, ते ती उभ्याने प्यायची आणि घरोघरच्या बातम्या सांगायची. त्या दिवशी तिने भारा धाडकन टाकला आणि ताकासाठी थांबलीसुद्धा नाही.

‘गो वयनी, पोरींस्नी आज पेठंत धाडू नुको. खून केलीनी हाय. तांबडी. कासाराच्या भितीवर. बगून माजा जीवच उडाला. मी थांबत नाय.’

आणि ती आली तशी मागल्या वाटेने पळत सुटली.

काकूच्या हातातली बी विळीवरून निसटली. आईचे हात माझ्या केसांत तसेच थांबले. क्षणभराने काकू म्हणाली, ‘ऐकलंत ना? खून झाला पेठेत. भिंतीवर रक्त उडालंय म्हणत्ये.’ मी हे इथे मुद्दाम लिहून ठेवते, की मलाही तेच ऐकू आलं होतं. पुढे पुष्कळ जणांनी काकूच्या कानांना दोष दिला, पण त्या पडवीत आम्ही तिघी होतो आणि तिघींचे कान शाबूत होते. पेठेत खून होणार हे आम्हाला इतकी वर्षं ठाऊकच होतं. तो झाल्याचं कुणीतरी येऊन सांगायचा काय तो अवकाश होता.

मी शाळेत गेले नाही. काकू विहिरीवर गेली, आणि पाणी घेऊन परतेपर्यंत खुनाला सुरा आला. दुपारी खजूर घेऊन आलेल्या गलबतावरचा कुणी खलाशी मारेकरी ठरला, संध्याकाळपर्यंत त्याच्या जागी घाटावरचा गाडीवान आला, आणि दिवेलागणीला मेलेली माणसं दोन झाली. नानाकाका कोर्टातून आले तेव्हा काकूने दारातच त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी टोपी खुंटीला लावली. कोर्टात दिवसभर असला एक शब्दही त्यांच्या कानावर आला नव्हता. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, खून झाला असता तर मला कळलं नसतं का? नानाकाका म्हणाले, ‘अजून दप्तरी आलं नसेल.’

त्यांचं हे वाक्य मी जन्मभर विसरले नाही. ज्या माणसाने जिल्ह्यातला प्रत्येक गुन्हा स्वतःच्या हाताने कागदावर उतरवला, त्याचा आपल्या हातावर विश्वास नव्हता, विहिरीवरच्या बातमीवर होता. ते भित्रे नव्हते, मूर्ख तर नव्हतेच. पण पेठेबद्दलचं त्यांचं मत ते नोकरीला लागण्याच्या फार आधी ठरलेलं होतं, आणि नोकरीने त्यात ढवळाढवळ केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी यमूचे आप्पा खात्री करायला गेले. ते पोष्टात होते, शांत स्वभावाचे, मोजून बोलणारे. त्यांच्या शब्दाला आळीत वजन होतं. छत्री घेऊन पाखाडी उतरले आणि पाचदहा मिनिटांत परत आले, पांढरेफटक. कासाराच्या दुकानाच्या चुना लावलेल्या भिंतीवर, माणसाच्या छातीच्या उंचीवर, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी तांबडं पाहिलं होतं. जवळ गेले नव्हते. जवळ जायची गरजच काय होती, ते म्हणाले, लांबूनसुद्धा दिसत होतं. आता डोळ्यांनी पाहिलेला माणूस मिळाल्यावर कुणाची शंका उरणार? आळीची पाचावर धारण बसली.

त्याच आठवड्यात आप्पांनी यमूला तिच्या आजोळी पोचवलं. आजोळ संगमेश्वरकडे आत कुठेतरी होतं, नदीकाठचं गाव. ती निघाली तेव्हा बैलगाडी आळीच्या तोंडाशी उभी होती. यमू गाडीत चढून बसली आणि मला म्हणाली, ‘बाईंना सांग, मी परीक्षेला येईन. निबंधाची वही तुझ्याकडे राहू दे, माझं अक्षर बघून लिही जरा.’ तिला असं बोलायचा हक्क होता. वर्गात पहिली ती असायची, दुसरी मी. व्याकरणाच्या तासाला बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असे. तिला आजोळी धाडल्याचं मला तेव्हा मुळीच वाईट वाटलं नाही. उलट ती सुटली आणि मी खुनाच्या गावात राहिले, असं वाटून मी तिचा हेवा केला.

पुढचे दोनतीन आठवडे आळी पेठेत उतरली नाही. पुरुष कामाला जात, ते वरच्या अंगाने लांबून. वाण्याकडचं सामान बंद झालं, घरात होतं त्यावर भागवलं. कुळथाचं पिठलं, आमसुलाचं सार, काजूची उसळ, पुन्हा पिठलं. गूळ संपला तेव्हा काकूने चहा बिनगुळाचा प्यायला आणि तो कसा प्रकृतीला चांगला हे सांगितलं. दुपारी कासाराचे ठोके ऐकू आले, की काकू म्हणायची, ‘एवढं होऊन ठोकतोय बघा मेला.’ मी माजघरात बसून निबंध लिहीत होते. आमची व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा तोंडावर आली होती. ती पास झालं की मास्तरीण होता येत असे. हे आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नव्हतं, पण आई माझ्या पुस्तकांना घालायला जुने कागद जपून ठेवायची, त्यावरून मला कळत होतं.

मग एके सकाळी, त्या दिवसापासून फिरकली नव्हती ती भागी आली, नेहमीसारखी, निवांत. भारा टाकलान आणि ताकाची वाट बघत उभी राहिली. मी ताक घेऊन गेले आणि विचारलं, ‘भागी, कुणाचा खून झाला ग तो?’

‘कुनाचा न्हवं,’ ती म्हणाली, ‘कुनाकुनाची तां इचार. कासाराची एक, वान्याची एक, शिंप्याच्या दोन. रस्त्याकडंनं गटार खनूचं हाय म्हनं, मोटारीपायी. जेवडी भित पाडूची, तेवडी खून.’

माझ्या हातातलं ताक सांडलं. ‘म्हणजे मेलं कोणी नाही?’

‘मरल कशापाय?’ भागी हसायला लागली. ‘मला वाटला पिलेग आला. माजी सासू सांगी, पिलेगात सरकारी मानसा आशीच तांबडी खून करीत घरावर. म्हून पळालंव. गेरू हाय गो तो, निस्ता गेरू!’

खूण. भागी पाण्याला पानी म्हणायची, कोणाला कोन म्हणायची आणि खुणेला खून म्हणायची. तिच्या सगळ्या गावाचं बोलणं तसंच होतं. आमच्या घरात ‘ण’चा फार अभिमान. ‘न’ आणि ‘ण’ ज्याला वेगळे काढता येत नाहीत त्याच्याशी आम्ही बोलायचो ते जरा वरूनच. पण त्या दिवशी भागीने चूक केलीच नव्हती. ती म्हणाली होती ‘खून केलीनी’, ‘केलानी’ नव्हे. ती म्हणाली होती ‘तांबडी’. खून पुल्लिंगी, खूण स्त्रीलिंगी. सातवीच्या पुस्तकातला धडा तिने शिकल्यावाचून बिनचूक म्हणून दाखवला होता, आणि तो ज्यांना पाठ होता त्यांनी तो ऐकला नव्हता. पुढे छत्तीस वर्षं मी मुलांच्या वह्यांत ‘न’चे ‘ण’ करत आले. तांबडी शाई वापरली की दर वेळी भागी आठवायची आणि मला थोडी लाज वाटायची.

मी धावत जाऊन घरात सांगितलं. मला वाटलं होतं सगळे सुटकेचा श्वास टाकतील. आई हसली, पदर तोंडाला लावून पुष्कळ हसली. काकू म्हणाली, ‘अडाणी मेली! नीट बोलायला काय होतं हिला?’ मग विळीकडे वळून म्हणाली, ‘पण एवढं सगळं गाव बोलत होतं ते काय उगाच?’ आईने शेजारी जाऊन आप्पांना सांगितलं, तर आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं, ‘वहिनी, गेरू कासाराने मागाहून फासलान. आतलं झाकायला. मी पाहिलं तो गेरू नव्हता.’ ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी रक्त पाहिलं होतं, आणि त्या पाहिलेल्या रक्तापायी मुलीला गाडीत बसवून धाडलं होतं. आता ते गेरू आहे असं कबूल करणं त्यांना जड गेलं असावं. मला त्यांचा राग यायला फार वर्षं लागली.

दोन दिवसांनी शाळेचा शिपाई मागच्या वाटेने चिठ्ठी घेऊन आला. मोठ्या बाईंनी लिहिलं होतं, परीक्षेचे अर्ज शनिवारी जायचे आहेत, दोघींच्या पालकांनी येऊन सह्या कराव्यात, नाहीतर नावं जाणार नाहीत. यमूच्या घरी शिपाई गेला तो लगेच परतला. नानाकाकांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि घडी घालून देव्हाऱ्यापाशी ठेवली. ‘यंदा राहू दे,’ ते म्हणाले. ‘वर्ष गेलं तर काही बिघडत नाही. मुलीच्या जिवाला काही झालं तर मी भावाला काय तोंड दाखवू?’ त्यांच्या बोलण्यात कळकळ होती, ती मला तेव्हाही कळली आणि म्हणूनच रडू आलं. रागावले असते तर भांडता आलं असतं.

नानाकाका आईचे थोरले दीर. आई त्यांच्याशी समोरासमोर बोलत नसे. ती दाराआड उभी राहून काकूला म्हणाली, ‘जाऊबाई, त्यांना विचारा, त्यांच्या दप्तरात पेठेतला खून आजवर किती वेळा आला?’

नानाकाका भिंतीकडे बघत काकूला म्हणाले, ‘तिला सांग, सगळंच काही दप्तरात येत नाही.’

शनिवारी जेवणं झाली, नानाकाका कोर्टात गेले, काकू आडवी झाली. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं. हातातल्या पाटल्या काढून तिने डब्यात ठेवल्या, दाराशी आली, थबकली, परत गेली आणि पाटल्या पुन्हा चढवून आली. ‘गेल्या तर गेल्या,’ ती म्हणाली. ‘लंकेची पार्वती होऊन बाईंपुढे उभी राहायची नाही मी.’ आणि मागच्या वाटेकडे न वळता सरळ पाखाडीच्या पायऱ्या उतरायला लागली. तिचं माहेर सावर्ड्याचं, लग्न होऊन येऊन पंधरा वर्षं झालेली. पंधरा वर्षांत ती पेठेतून एकदाही चालली नव्हती. तिने माझा हात धरला होता आणि तो हात गार पडला होता. मी चौदा वर्षांची, मला रस्ता पाठ, तरी हात तिनेच धरला होता.

भर उन्हाची वेळ, पेठ नेहमीसारखी पेंगत होती. पण आम्ही दिसलो तशी ती जागी झाली. वाणी गादीवरून उठून उभा राहिला. शिंप्याने मशीन थांबवलं. आम्ही पुढे सरकू तशी माणसं दोन पावलं मागे होत होती. आईचा हात माझ्या हातात घट्ट झाला. आता काहीतरी होणार असं मला वाटलं, आणि सात वर्षांत पहिल्यांदा मी पेठेत घाबरले.

मग वाण्याने लांबूनच, अदबीने विचारलं, ‘वहिनी, आळीत आता बरं आहे ना सगळ्यांचं?’

‘का? काय झालंय आळीत?’ आई म्हणाली.

‘नाही, तीन आठवडे तिकडून कोणी खाली उतरलं नाही. आम्ही ऐकलं, पिलेग लागला तुमच्याकडे. कोणी म्हणे दरोडा पडला. कासाराने तर पोरांना पाखाडीकडे जायची बंदी केलीय.’

आई त्याच्याकडे बघतच राहिली. मग ती कासाराच्या भिंतीपाशी गेली, त्या तांबड्या रेघेवर तिने बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. ‘आपण तुळशीला लावतो तोच,’ ती म्हणाली. तिने बोट पदराला पुसलं आणि आम्ही शाळेत गेलो. आईला सहीपुरती अक्षरं येत होती. तिने ती एकेक करून काढली, मोठ्या बाईंनी ती वाळेपर्यंत कागद हलवला. यमूच्या अर्जाचा कागद शेजारी कोराच होता. बाईंनी विचारलं, ‘तिचं कोणी?’ आई म्हणाली, ‘तिच्या अर्जावर माझी सही चालेल का?’ बाईंनी मान हलवली, नाही चालणार.

घरी आल्यावर नानाकाका आईला काही बोलले नाहीत. काकूने मात्र विचारलं, वाण्याकडे गूळ काय भाव होता?

मी पास झाले, आमच्या केंद्रात मुलींत पहिली आले. यमू असती तर मी दुसरी आले असते. हे मी तेव्हाही जाणत होते आणि पेढे वाटताना मनातून ते काढून टाकलं. यमूला पत्र लिहायचं माझ्या मनात दोनदा आलं. काकू म्हणाली, तिला दाखवायचं चाललंय, उगाच शाळेचं काही डोक्यात भरवू नकोस. मी लिहिलं नाही. काकूने हात धरला नव्हता, कार्ड घरात होतं. मी लिहिलं नाही हे खरं आहे आणि त्याला दुसरं नाव नाही. वैशाखात तिचं लग्न आजोळीच झालं. पुढे आप्पांची बदली झाली, घर दुसऱ्यांनी घेतलं, आणि यमूचं माहेरच आळीतून उठलं.

ती मला भेटली ती थेट साठी उलटल्यावर, देवरुखात, एका लग्नात. पांढऱ्या केसांची, भरल्या अंगाची, सुखवस्तू बाई. नातवंडं तिच्याभोवती घोटाळत होती. तिने मला आधी ओळखलं. आम्ही मांडवाच्या कडेला खुर्च्या ओढून बसलो. मी किती वर्षं नोकरी केली, निवृत्त कधी झाले, हे सगळं तिने बारकाईने विचारलं. तिचं सासर चांगलं होतं, नवरा चांगला होता, तिने कसलीही तक्रार केली नाही. थोरल्या नातवाच्या हातातलं पुस्तक घेऊन ती सहज चाळत होती, आणि एका पानावर थांबून तिने बोटाने दाखवलं, ‘हे बघ, इथे ऱ्हस्व छापलंय, दीर्घ हवं.’ मी बघितलं. तिचं बरोबर होतं.

मग पुस्तक मिटून ती माझ्याकडे वळली. आवाज जरा खाली आणून तिने विचारलं, ‘मनू, तो पेठेतला खुनी पुढे सापडला का ग?’

मला आधी कळेचना. मग कळलं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आप्पा सांगणार नव्हते, आणि मी पत्र लिहिलं नव्हतं. शेचाळीस वर्षं ती त्या बातमीच्या त्याच ओळीवर थांबली होती. मी तोंड उघडलं. खूण होती ग ती, खूण, गेरूची, गटारासाठी, एवढं बोलायला किती वेळ लागतो? पण त्याच्या पुढचं वाक्य मला दिसत होतं आणि ते तिलाही लगेच दिसलं असतं. माझ्यापेक्षा आधी दिसलं असतं, ती पहिली यायची.

‘सापडला,’ मी म्हटलं.

‘बरं झालं बाई,’ यमू म्हणाली आणि तिने माझ्या हातावर थोपटलं. ‘तेव्हा घरच्यांनी वेळीच शाळेतून काढलं म्हणून वाचले मी.’

मी ‘हो’ म्हटलं.